आधी चिठ्ठी, मग गोष्ट

मिस्त्रीच्या बंदुका दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर दोनच चौकटी होत्या. एकीत सरकारी परवाना आणि दुसरीत उस्तादाच्या हातची ओळ: 'आधी चिठ्ठी, मग गोष्ट.' परवान्याची मुदत दर तीन वर्षांनी संपायची. ओळीची कधी संपली नाही.

तिचा अर्थ असा. जुनं हत्यार विकायला येणारा माणूस नुसतं हत्यार कधीच आणत नाही, सोबत गोष्ट आणतो. ह्या बंदुकीने आमच्या आजोबांनी लांडगा लोळवला, ह्या पिस्तुलाला घाबरून अख्खी पलटण मागे फिरली, वगैरे. गोष्ट रंगतदार असली की किंमत लावणाऱ्याचा हात सैल सुटतो, आणि रडकी असली की आणखीनच सैल. म्हणून उस्ताद म्हणायचा, "आधी हत्याराला बोलू दे. माणसाला काय, बोलायला अख्खा जन्म पडलाय." मिस्त्री तसंच करायचा. गिऱ्हाइकाला बाकावर बसवून, गप्प राहायला सांगून, तो हत्यार तपासायचा. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी घालून लोखंडी वजनाखाली ठेवायचा आणि मग चहाचं आधण चढवत म्हणायचा, "हं, आता सांगा." गोष्ट कितीही रंगली तरी चिठ्ठीतला आकडा तसूभर हलत नसे. लोक चिडायचे, पण सौदा त्याच आकड्याला करायचे. मिस्त्रीची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तीस वर्षांत एकाच रिव्हॉल्व्हरची गोष्ट त्याने चिठ्ठीच्या आधी ऐकली होती. एकदा नाही, शंभरदा. ते रिव्हॉल्व्हर त्याच्या सासऱ्यांचं होतं.

सासरे लाकूड कापायच्या गिरणीत रोखपाल होते. दर शनिवारी बँकेतून कामगारांचा पगार काढायचा, पिशवी सायकलच्या दांडीला अडकवायची आणि ओढ्याच्या पुलावरून गिरणीत न्यायची, हे त्यांचं काम. त्यासाठी गिरणीच्या मालकाने त्यांना रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेऊन दिली होती. एका शनिवारी पुलावर दरोडेखोर आडवे आले. सासऱ्यांनी सायकल न सोडता रिव्हॉल्व्हर काढलं, गोळी झाडली, म्होरक्याच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि टोळी पळाली. पिशवीतलं नाणंही हललं नाही. मालकाने भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते अजून दिवाणखान्यात होतं आणि अजून दहा मिनिटं मागे होतं.

मिस्त्री मागणी घालायला गेला तेव्हा दरोडेखोर चार होते. लग्नात सहा झाले. पहिलं नातवंड झालं तेव्हा आठ, आणि सासरे गेले तेव्हा अकरा, त्यांतले दोन घोड्यावर. घरात कुणी हरकत घेतली नाही. वय वाढतं तसे दरोडेखोरही वाढणारच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. धाकटा मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने ह्या प्रसंगाचं मोठं तैलचित्रच काढून घड्याळाशेजारी टांगलं होतं. चित्रात सासरे सायकलवर होते, नळीतून पांढराशुभ्र धूर निघत होता आणि म्होरक्याची टोपी आकाशात पाखरासारखी चालली होती.

मागणी घालायला गेलेल्या मिस्त्रीला त्या दिवशी सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "काय करता?"

"बंदुका दुरुस्त करतो."

"अच्छा. तुम्ही दुरुस्त करता. आम्ही चालवतो."

हे वाक्य मिस्त्रीच्या काळजात बावीस वर्षं कुसळासारखं रुतून बसलं होतं. वर आणखी, इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला त्या रिव्हॉल्व्हरला बोट लावू दिलं नव्हतं. "एकदा साफ करून देतो," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मर्दाचं हत्यार दुसऱ्याच्या हातात जात नाही." मग संध्याकाळी स्वतःच आरामखुर्चीत बसून ते फडक्याने पुसायचे आणि काडतुसांची चक्री टकटक फिरवत बसायचे. घरात बंदुकांचा मिस्त्री जावई, आणि त्याला आणून देणार काय, तर कपाटाचं बिघडलेलं कुलूप.

आता सासरे जाऊन चार महिने झाले होते. परवाना माणसाबरोबर संपतो, त्यामुळे हत्यार मुदतीत विकणं भाग होतं. पाच काडतुसं मुलांनी ठाण्यात जमा केली. सहांतली पाच उरली, म्हणजे एक झाडलं, हिशोब साफ. थोरल्या मेहुण्याने तर पावतीची झेरॉक्स चित्राखाली चिकटवली, पुरावा म्हणून.

पण खरा घोर वेगळाच होता. सासूबाईंच्या घराचं छप्पर गेलं होतं. मागच्या खोलीत तीन बादल्या कायमच्या मुक्कामाला होत्या. छपरवाला नव्वद हजारांच्या खाली यायला तयार नव्हता, आणि दोघा मुलांचं म्हणणं असं, की कशाला त्या खर्चात पडायचं? घर विकू, आणि आई सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे राहील. सासूबाई म्हणाल्या, "मी काय माणूस आहे की कॅलेंडर?" शेवटी असं ठरलं, की रिव्हॉल्व्हर छपराचा खर्च काढत असेल तर घर राहील. नसेल तर आईने सामान बांधायचं. म्हणजे सासूबाईंनी पुढचं आयुष्य कुठे काढायचं, हे जावयाच्या एका चिठ्ठीवर येऊन ठेपलं होतं.

"तुम्ही सांभाळून घ्या," रविवारी निघताना बायको म्हणाली.

"मी सांभाळून घेत नाही. मी किंमत लावतो."

"माहीत आहे. म्हणून तर सांगतेय."

दिवाणखान्यात गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. ते दातांचे डॉक्टर होते आणि त्यांना जुन्या हत्यारांचा नाद होता. मिस्त्रीची चिठ्ठी डोळे मिटून मानणारी जी थोडी माणसं होती, त्यांत ते पहिले. पण मिस्त्री दारात चपला काढतोय तोवर आत नियमाचा निकाल लागलेला होता. थोरला मेहुणा विमा विकायचा, म्हणजे जिभेला हाड नावालाही नव्हतं, आणि तो उभा राहून गोष्ट सांगत होता.

"...अकरा जण, डॉक्टरसाहेब! दोन घोड्यावर! आणि आमचे बाबा एकटे!"

"बारा," धाकटा म्हणाला. "एक झाडामागे होता. चित्रात मावला नाही."

"अरे, चिठ्ठीच्या आधी गोष्ट नको!" मिस्त्री ओरडला.

"भाऊजी, तुम्हाला कुठे नवीन आहे?" थोरला म्हणाला. "आणि ह्या हत्याराची किंमतच मुळी गोष्टीत आहे. दणकून लावा."

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. गोष्ट टोपीपाशी आली तशा त्या किंचित पुढे झुकल्या आणि त्यांचे ओठ शब्दागणिक हलायला लागले. नवऱ्यामागे त्यांच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळ आणि ही गोष्ट.

मिस्त्रीने जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, खिशातली छोटी बॅटरी काढली, भिंग काढलं आणि पेटी पुढे ओढली. पेटी मूळची होती, आतून हिरव्या मखमलीची. मखमल एका कोपऱ्यात जराशी फुगली होती. गोंद सुटला असेल, असं म्हणून त्याने तिकडे दुर्लक्ष केलं, कारण त्याचे हात आता त्या रिव्हॉल्व्हरला लागले होते. बावीस वर्षांनी! खोटं कशाला सांगा, त्याच्या अंगावर काटा आला.

त्याने चक्री बाजूला केली. मागून पांढरा कागद धरला, बॅटरी लावली आणि नळीत डोळा घातला.

मग डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

नळी आरशासारखी होती. कारखान्यातून निघताना असते तशी. चक्रीच्या तोंडाशी झाडलेल्या हत्याराला जळकी कडी पडते. कितीही घासा, भिंगाखाली ती दिसतेच. इथे तिचा मागमूसही नव्हता. चक्रीभोवती तेवढी एक बारीक रेघ होती, रोज संध्याकाळी आरामखुर्चीत फिरवून फिरवून पडलेली. बाकी सगळं कोरं. ह्या रिव्हॉल्व्हरमधून कुणी कधी एकही गोळी झाडलेली नव्हती. दरोडेखोरांवर नाही, झाडावर नाही, हवेत नाही.

मिस्त्रीला आधी काय वाटलं ते सांगायलाच हवं, जरी ते त्याला शोभणारं नव्हतं. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आम्ही चालवतो काय? मर्दाचं हत्यार काय? सासरेबुवा, म्हणून होय मला हात लावू देत नव्हता! ताडकन उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगावं, असं त्याला झालं. सांगण्यात पापही नव्हतं, उलट फायदा होता. झाडलेलं, वापरलेलं असतं तर ह्या जातीच्या रिव्हॉल्व्हरचे चाळीस हजार. मूळ पेटीसकट न झाडलेलं म्हणजे सव्वा लाख. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे सगळं उलटं होतं. झाकली तर चाळीस हजार, उघडली तर सव्वा लाख.

मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. सासूबाई अजून पुढे झुकूनच बसल्या होत्या.

आनंदाच्या उकळ्या जागच्या जागी थंड झाल्या. चाळीस लिहिले तर म्हातारीचं छप्पर जाणार. सव्वा लाख लिहिले तर डॉक्टर विचारणार का, आणि म्हातारीचा नवरा जाणार, दुसऱ्यांदा. इकडे आड, तिकडे विहीर. आणि काठावर उभा कोण, तर जावई.

"काय म्हणतोय पेशंट?" डॉक्टरांनी हात चोळत विचारलं. त्यांनी खिशातून दात बघायचा चिमुकला आरसा काढलासुद्धा. "मी जरा आत डोकावू?"

"चिठ्ठीच्या आधी नाही!" मिस्त्रीने नळीवर तळहात ठेवला.

"इतका वेळ का लागतोय, भाऊजी?" थोरल्याने विचारलं. "सायकलची साखळी तुम्ही पाच मिनिटांत बसवता."

"घसा सुकला," मिस्त्री म्हणाला. "पाणी पिऊन येतो." रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून बगलेत मारून तो स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला हत्यार कुणी बगलेत मारून नेत नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे, एकीच्या आलं. तो पेला भरतोय तोवर सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"जावईबापू, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला दोन आकडे सांगा. झाडलेल्याचा एक. न झाडलेल्याचा एक."

मिस्त्रीने पेला ओट्यावर ठेवला.

"आई, तुम्हाला..."

"आकडे सांगा."

"चाळीस हजार. आणि सव्वा लाख."

"आणि छपराचे नव्वद." सासूबाई स्टुलावर बसल्या. "अरे देवा. तेव्हाच वाटलं होतं मला, ही गोष्ट एक दिवस महागात पडणार."

"म्हणजे त्यांनी गोळी झाडली नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"झाडणार कशी? काडतुसं माझ्या शिवणाच्या डब्यात होती. बटणांखाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही ओठ मुडपले नाहीत. नवरा भला होता, पण हाताने भारी अवलक्षणी. खिळा ठोकायला गेला की अंगठा ठोकायचा. दाढी करून आला की कारखान्यातून जखमी होऊन आल्यासारखा दिसायचा. असला माणूस भरलेलं रिव्हॉल्व्हर विजारीच्या खिशात घालून सायकल मारणार, ह्या विचाराने त्यांना शुक्रवारची झोप लागत नसे. म्हणून शनिवारी सकाळी त्या काडतुसं काढून घ्यायच्या आणि संध्याकाळी परत भरायच्या.

"दर शनिवारी?"

"चार वर्षं. ह्यांनी कधी उघडून बघितलं नाही. उघडायला घाबरायचे."

"आणि त्या शनिवारी?"

"त्या शनिवारी पुलावर खरंच आडवा आला. पुलाखाली धुणं धुणाऱ्या एका बाईने सगळं बघितलं आणि मला एकटीलाच सांगितलं. एकच होता. अकरा कसले! एक लांबसडक माणूस, हातात कोयता. ह्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं, चाप ओढला, आणि टक्. परत ओढला, परत टक्. मग ह्यांनी अशी काही आरोळी ठोकली म्हणतात, की गिरणीतून माणसं धावत आली. तो पळाला. टोपी पडली ती पळताना." सासूबाईंनी पदराने कपाळ टिपलं. "घरी आले तेव्हा थरथरत होते. म्हणाले, झाडली मी गोळी. मी म्हटलं, बरं केलंत. दुसरं काय म्हणणार? रिकामं हत्यार देऊन मीच पाठवलं होतं ना! त्या कोयतेवाल्याने एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर माझा नवरा माझ्या हाताने मेला असता."

बावीस वर्षांत त्याने ह्या बाईला कधी रडताना बघितलं नव्हतं. आताही ती रडत नव्हती, नुसती पेल्याकडे बघत होती.

"मी रात्रीच काडतुसं परत भरली," त्या म्हणाल्या. "सकाळी ह्यांनी पहिल्यांदा चक्री उघडली. सहाच्या सहा जागेवर. माझ्याकडे बघितलं. मी चहा गाळत होते. काही बोलले नाहीत. दुपारी बघते तर काडतुसं पाच! एक कुठे टाकलं कोण जाणे. गोष्टीला एक कमी हवंच होतं. त्यानंतर मालकाने पगाराला जीप दिली, आणि विषय मिटला."

"मग त्यांना कळलं होतं का, की तुम्ही..."

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "ते मला कधी कळलं नाही. चाळीस वर्षं एका ताटलीत बिस्किटं खाल्ली आम्ही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हत्यार बिघडलं असं समजले असते, तर ठीक. पण माझी करणी कळली असती, तर माझं तोंड बघितलं नसतं त्यांनी. म्हणून गोष्टीत दरोडेखोर वाढले की मी मान डोलवायचे. वाढू देत, म्हटलं. जितके जास्त, तितकं खरं झाकलेलं बरं."

बाहेरून थोरल्याचा आवाज आला, "भाऊजी, विहीर खणताय का?"

सासूबाई उठल्या, लुगडं झटकलं. "चला. लिहा खरं ते. गोष्ट काय, मी निस्तरते."

मिस्त्रीने टेबलाशी येऊन चिठ्ठीवर आकडा लिहिला. लोखंडी वजन नव्हतं, म्हणून ती चहाच्या कपाखाली ठेवली. मग नियमाप्रमाणे डॉक्टरांना म्हणाला, "हं, आता बघा." डॉक्टरांनी आरसा नळीच्या तोंडाशी नेला, सवयीने "आ करा" म्हणाले आणि स्वतःच आ करून बसले.

"अहो, ही तर दुधाच्या दातांसारखी आहे! कीड नाही, झीज नाही! हिने आयुष्यात एक घास चावलेला नाही!" त्यांनी कपाखालची चिठ्ठी ओढली, चहा सांडला, आकडा वाचला आणि छातीवर हात ठेवला. "सव्वा लाख. घेतलं. आत्ता घेतलं."

"सव्वा लाख!" थोरला नाचायचाच बाकी होता. "बघितलंत? गोष्टीची किंमत आहे ही!"

"गोष्टीची नाही," डॉक्टर म्हणाले. "न झाडल्याची."

मिस्त्रीची बायको दारात ट्रे घेऊन उभी राहिली होती, ती तशीच राहिली. धाकट्याने एकदा चित्रातल्या धुराकडे बघितलं, एकदा पावतीच्या झेरॉक्सकडे. "पण काडतुसं पाच आहेत," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"भाऊजी," थोरला लाल होऊन म्हणाला, "बाबा खोटं बोलले म्हणता तुम्ही? त्यांच्या घरात बसून? ते जिवंत असताना तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि आता..."

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

तो बसला. मग सासूबाईंनी त्याच जागी उभं राहून, जिथे मघाशी तो उभा होता, खरी गोष्ट सांगितली. शिवणाच्या डब्यासकट सांगितली. दरोडेखोर एक, टोपी पळताना पडलेली, रिव्हॉल्व्हर रिकामं. आपली चूक सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "पहिल्याच 'टक्' आवाजाला त्यांना कळलं, हातात नुसतं लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी टाकून पळता आलं असतं. पळाले नाहीत. साडेतीनशे माणसांचा पगार होता. पिशवी पोटाशी धरून नुसतं ओरडत उभे राहिले. गोळी काय, कुणीही झाडेल. दाढी करताना स्वतःला कापून घेणारा माणूस कोयत्यासमोर उभा राहिला, हे तुम्हाला थोडं वाटतंय का?"

कुणाला थोडं वाटलं नाही. थोरल्याने नाक ओढलं. डॉक्टरांनी तर आरसा खिशात ठेवून रुमाल काढला. आणि मिस्त्रीच्या काळजातलं ते बावीस वर्षांचं कुसळ त्याला शोधूनही सापडेना. सासऱ्यांचा राग यावा म्हणून त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आला नाही.

"चित्राचं काय करायचं?" धाकट्याने विचारलं.

"धूर पुसून टाक," सासूबाई म्हणाल्या. "आणि दहा जण कमी कर. तिथे झाडं काढ."

पैशांचं आणि कागदांचं ठरलं. डॉक्टर पेटी नेणार म्हणून मिस्त्रीने ती शेवटची पुसायला घेतली. फुगलेला कोपरा पुन्हा हाताला लागला. गोंद लावून देऊ, असं म्हणून त्याने मखमलीची कड नखाने उचलली. खाली काहीतरी टणक होतं. त्याने दोन बोटांनी ते बाहेर काढलं.

काडतूस होतं. सहावं. चाळीस वर्षांत पितळ काळवंडलं होतं. त्याच्या बुडाच्या खोबणीत एक निळा दोरा अडकला होता, वीतभर, आणि तो कुणीतरी काळजीपूर्वक काडतुसाभोवती गुंडाळून टोक आत खोचून ठेवला होता.

मिस्त्रीने आयुष्यात हजारो काडतुसं हाताळली होती. दोरा गुंडाळून कारखाना एकही विकत नाही. त्याने कुणाला काही न सांगता ते सासूबाईंच्या हातावर ठेवलं.

त्यांनी चष्मा चढवला. दोऱ्याचं टोक सोडवलं, बोटात धरून उजेडाकडे नेलं.

"हा तर माझ्या फ्रॉकचा निळा," मिस्त्रीची बायको वाकून बघत म्हणाली. "शाळेच्या पहिल्या दिवसाचा. अजून फोटो आहे."

"त्या आठवड्यात तोच शिवत होते," सासूबाई म्हणाल्या. "डब्यात रिळं होती. अंधारात घाईघाईने भरताना अडकला असणार." त्यांनी दोरा तळहातावर घेतला. "म्हणजे त्या सकाळी चक्री उघडली, तेव्हा हाच दिसला त्यांना."

निळा दोरा शिवणाच्या डब्याशिवाय कुठून येणार, हे समजायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल? चहा गाळून होईपर्यंत. आणि ते कळल्यावर त्याने काय केलं, तर पुरावा दोऱ्यासकट मखमलीखाली दडवला, आणि ज्या बाईने रिकामं हत्यार देऊन पाठवलं तिच्या हातचा चहा पुढची चाळीस वर्षं घेतला. तिच्यापर्यंत कुणी पोचू नये म्हणून दरोडेखोर वाढवत गेला. आणि रिव्हॉल्व्हरला जावयाचा हात लागू दिला नाही, कारण तो जावई नळीत डोळा घालणारा होता.

डॉक्टरांनी हळूच खाकरून विचारलं, "मूळ पेटीत मूळचं एक तरी काडतूस असलं तर संच पुरा होईल. त्याचे वेगळे देईन मी."

"काडतूस न्या," सासूबाई म्हणाल्या. "काय ते कागद जावईबापू करतील. दोरा विकायचा नाही." त्यांनी तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग एकदम चित्राकडे वळून, धुरामागच्या त्या चेहऱ्यावर खेकसल्या:

"एवढं तोंड होतं, अकरा दरोडेखोर सांगायला! हे एवढंसं सांगायला काय झालं होतं?"

आणि मग त्या रडल्या, इतक्या वर्षांचं एकदम, आणि रडता रडता मिस्त्रीला म्हणाल्या की छपरवाल्याला उद्याच बोलवा, पण आकड्यावर त्याच्याशी तुम्ही बोला, कारण तो आधी गोष्ट सांगतो.